सुब्रोतो चषक आणि बंगळुरूची अनवाणी पोरं

आज शाळकरी मुलांच्या फुटबॉलबद्दल बोलू, आणि सुरुवात बंगळुरूच्या हलसूर तलावापासून करू. तलावाच्या काठी मद्रास इंजिनिअर ग्रुपचं केंद्र आहे. हा जुन्या कॅन्टोन्मेंटचा भाग. इंग्रजांच्या काळात गोऱ्या पलटणी इथल्या मैदानांवर फुटबॉल खेळायच्या. भोवतालच्या वस्त्यांतली पोरं कडेला उभी राहून बघायची आणि मग गल्लीत अनवाणी तेच करायची. त्यांची शिकवणी एवढीच.

पण शिकवणी पक्की होती. मुंबईच्या रोव्हर्स चषकावर पलटणींची मक्तेदारी होती. १९३७ साली तो पटकावणारा पहिला भारतीय बिगरलष्करी संघ बंगळुरूचा होता, बंगलोर मुस्लिम्स. पुढे १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपला संघ फ्रान्सशी १-२ असा हरला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते आणि दोन पेनल्टी आपण वाया घालवल्या. आपला एकमेव गोल केला तो सारंगपाणी रामन या बंगळुरूच्या खेळाडूनं. त्याच संघातला अहमद खानही इथलाच, जो पुढे कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये नावारूपाला आला.

आता यात एक गोम आहे. हे सगळे स्वतःच्या हिमतीवर वर आले. चौदा वर्षांच्या पोराचा खेळ परगावच्या जाणकारानं बघावा, अशी देशव्यापी सोय नव्हती. मोठा झालास, क्लबात किंवा पलटणीत शिरलास, तर पुढे. नाहीतर गल्लीतच संपलास. किती संपले, त्याची मोजदाद कोण ठेवणार?

ही उणीव एका फौजी माणसानं ओळखली. एअर मार्शल सुब्रोतो मुखर्जी १९५४ मध्ये हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. त्यांच्या पुढाकारातून शाळांची फुटबॉल स्पर्धा १९६० साली दिल्लीत सुरू झाली, आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला टोकियोत जेवताना घास अडकून ते गेले. वय अवघं एकोणपन्नास. स्पर्धा मात्र हवाई दलानं त्यांच्या नावानं चालू ठेवली.

मराठी श्रोत्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्यांच्या पत्नी शारदाताई माहेरच्या पंडित. विजयालक्ष्मी पंडितांचे पती रणजित पंडित हे त्यांचे काका. पती गेल्यावर त्या १९६२ साली रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून आल्या, नंतर आंध्र आणि गुजरातच्या राज्यपाल झाल्या. चषकाबद्दल बोलताना त्यांचं नाव कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

या चषकाची खरी ताकद त्याच्या शिडीत आहे. आपल्याकडे जिल्हा, विभाग, राज्य असे टप्पे पार करून शाळेचा संघ राष्ट्रीय स्पर्धेला जातो. सिक्कीमचा बायचुंग भुतिया १९९२ साली इथेच सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि पुढच्याच वर्षी ईस्ट बंगालमध्ये गेला. गल्ली ते मोठा क्लब हे अंतर इतकं कमी झालं.

शिडी आली तशी लबाडीही आली. नोकरीत असताना एका शालेय स्पर्धेत मुलांचे दाखले तपासायचं काम माझ्याकडे होतं. सतरा वर्षांखालच्या गटातला एक गडी ताज्या दाढीनिशी समोर आला! कागद मात्र चोख. मी आक्षेप लिहून दिला, तो फाइलमध्ये राहिला, गडी खेळला. त्याच्या जागी जो खऱ्या वयाचा पोरगा बाकावर बसला, त्याचा चेहरा मला अजून आठवतो. आता हाडांवरून वय तपासतात, त्यामुळे वचक बसला आहे. पण दाखला हातात घेणारा मुख्याध्यापक आधीच अडला, तर चाचणीपर्यंत गोष्ट जातेच कशाला?

अलीकडे या स्पर्धेतल्या लहान मुलांच्या गटाचे सामने बंगळुरूत होऊ लागले आहेत. आता पोरांच्या पायांत बूट असतात, आणि मैदानाच्या आत तीच असतात.