मांडीवरचा उतारू

आमच्या शेजारच्या एका घरीं गेल्या उन्हाळ्यांत लहानसा कौटुंबिक वाद झाला. सूनबाई सोळा महिन्यांच्या मुलास घेऊन न्यूयॉर्कला नवऱ्याकडे निघाल्या होत्या. मुंबईहून तेथें न थांबतां जाणाऱ्या विमानास सुमारें पंधरा-सोळा तास लागतात. एवढ्या वेळासाठीं मुलाला निराळी खुर्ची विकत घ्यावी कीं मांडीवरच न्यावें, हा वादाचा विषय. आजीबाईंचें म्हणणें सरळ होतें : "अगं, दोन वर्षांच्या आंतल्या मुलाला खुर्ची लागत नाहीं असें कंपनीच म्हणते, मग आपण एवढे पैसे कां घालवायचे? तुझ्या नवऱ्याला मी मांडीवर घेऊन यष्टीनें रत्नागिरीला नेत होतें कीं!" सूनबाई म्हणाल्या, "आई, यष्टी वाटेंत दहा ठिकाणीं थांबते. हें विमान कोठेंच थांबत नाहीं."

आम्हांस पंच म्हणून बोलावलें होतें. निकाल त्या दिवशीं आम्हीं दिला नाहीं. परंतु सूनबाईंचें तें वाक्य मनांत घोळत राहिलें. लहान मुलाच्या लांबच्या प्रवासाचा इतिहास पाहूं गेलें असतां, त्याचें मर्म थांब्यांतच आहे असें आम्हांस दिसून आलें. प्रवासाचे थांबे जसजसे कमी झाले, तसतसा मुलाच्या जागेचा प्रश्न बिकट होत गेला.

विमानापूर्वीं दूरचा प्रवास म्हणजे आगबोटीचा. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबईहून विलायतेस जाण्याचे महिने जाऊन आठवडे उरले. या आठवड्यांत मूल एका बैठकीस खिळलेलें नसे. धांवावयास डेक होता. मोठ्या बोटींवर खेळण्याची निराळी खोली असे, आणि मुलांच्या जेवणाची वेळही मोठ्यांहून वेगळी ठेवीत. जागेची निवड त्या काळींही होई, पण ती उन्हाच्या हिशेबानें. तांबड्या समुद्राच्या उकाड्यांत कोणत्या बाजूची खोली सांवलींत राहील, हें अनुभवी उतारू आधीं पाहत. (इंग्रजींतला 'पॉश' हा शब्द या खोल्यांच्या तिकिटांवरील आद्याक्षरांपासून निघाला अशी एक गोड आख्यायिका आहे, तसा छाप असलेलें एकही तिकीट मात्र संशोधकांस सांपडलेलें नाहीं.)

त्या बोटींवर आईच्या मांडीस विसावा देणारी दुसरी एक मांडी असे, आणि गोऱ्या कुटुंबांत ती पुष्कळदां हिंदी आयाची असे. साहेबाच्या मुलांना सांभाळीत या बायका विलायतेपर्यंत जात. तेथें काम संपलें म्हणजे कित्येकींस परतीच्या भाड्याची सोय न करतां सोडून दिलें जाई. लंडनच्या हॅक्ने भागांत अशा आयांसाठीं एक निवासगृह चाले. हिंदुस्थानाकडे निघालेल्या एखाद्या कुटुंबाची चाकरी मिळेपर्यंत त्या तेथें दिवस कंठीत. मुलांच्या प्रवासाची हकीकत लिहितांना या बायकांना वगळणें अन्यायाचें होईल. पुढें विमान आलें तेव्हां आधीं गळली ती हीच पगारी मांडी. एवढ्या महागाईचें दुसरें तिकीट कोण काढणार!

ती महागाई केवढी होती पाहा. ३० मार्च १९२९ रोजीं इंपीरियल एअरवेज कंपनीनें लंडन-कराची मार्ग सुरू केला, तेव्हां भाडें होतें १३० पौंड आणि वेळ लागे सात दिवस. त्यांतही बासेलपासून जिनोव्हापर्यंतचा टप्पा आगगाडीनें करावा लागे. १९३१ सालीं हॅन्डले पेज ४२ या जातीचीं चार एंजिनांचीं प्रचंड द्विपंखी विमानें आलीं. त्यांचा वेग ताशीं सुमारें शंभर मैल, म्हणजे आजच्या चांगल्या मोटारीइतकाच. उतारूंच्या खोल्या पंखांच्या पुढें आणि मागें अशा ठेवल्या होत्या. एंजिनांची घरघर जरा दूर राहावी हा त्यांतला हेतु. या मार्गावरचे उतारू म्हणजे बहुतेक अधिकारी व व्यापारी. तान्हें मूल हा त्यांतला अपवाद. पण एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. संध्याकाळ झाली कीं तें विमान खालीं उतरे. इराकच्या वाळवंटांत रुत्बा येथें किल्लेवजा विश्रामगृह होतें, आणि १९३२ पासून शारजा येथेंही तसेंच एक झालें. एखादें मूल त्या मार्गानें गेलेंच असेल तर रात्रीं तें जमिनीवर, खाटेवर निजलें असेल. विमानांत पाळणा हवा हें त्या काळीं कोणाच्या ध्यानींमनींही नसावें. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटांनीं कराचीहून मुंबईस जें विमान आणलें, त्यांत तर टपालाच्या थैल्याच होत्या.

युद्धानंतर सारेंच पालटलें. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें कॉन्स्टेलेशन विमान पस्तीस उतारू घेऊन मुंबईहून लंडनला निघालें. वाटेंत थांबे दोनच, कैरो आणि जिनिव्हा. रात्र आतां आकाशांतच काढावयाची होती, आणि जेथें रात्र काढावयाची तेथें निजावयाची सोय ओघानेंच आली. म्हणूनच १९५० नंतरच्या दशकांत ब्रिटिश कंपनी बी. ओ. ए. सी. हिनें आपल्या 'स्कायकॉट'ची, म्हणजे आकाशींच्या पाळण्याची, मोठी जाहिरात केली. आईबापांच्या डोक्यावर सामानाची जी फळी असे, तिलाच हा पाळणा अडकवीत. त्या वेळचीं छायाचित्रें पाहिलीं म्हणजे मौज वाटते : खालीं आई वाचीत बसली आहे आणि वर, जेथें लोक टोप्या व कोट ठेवीत, तेथून एक गुबगुबीत चेहरा डोकावतो आहे. पण ही मौज काळजीनें पाहिली तर अंगावर कांटा येतो. हवेचा एक मोठा हिसका बसला तर तें मूल कोठें जाणार होतें?

पुढें विमानप्रवास सामान्य माणसाच्या आटोक्यांत आला. १९५२ सालीं अटलांटिकवर स्वस्त 'टूरिस्ट' वर्ग सुरू झाला, १९५८ सालीं त्याहून स्वस्त 'इकॉनॉमी'. त्याच वर्षीं जेट विमानें त्या समुद्रावर नियमानें जाऊं लागलीं, आणि १९७० सालीं बोइंग ७४७ हें अजस्र विमान आलें. खुर्च्या वाढल्या, त्यांतलें अंतर कमी झालें. अमेरिकेनें १९६५ सालीं परदेशीयांच्या प्रवेशाचा कायदा बदलल्यावर आपल्याकडचे डॉक्टर व एंजिनियर तिकडे गेले. त्यांच्या मागोमाग बायका गेल्या, मुलें झालीं, आणि आजी-आजोबांना नातवंडें दाखविण्याकरितां दर एक-दोन वर्षांनीं मुंबईची वारी सुरू झाली. मांडीवरचा उतारू मराठी घरांत आला तो असा.

विमानकंपन्यांनीं त्याचें काय केलें? त्याचें वय पाहिलें. दोन वर्षें पूर्ण होईपर्यंत तो खुर्चीवांचून जाऊं शकतो. आंतरराष्ट्रीय प्रवासांत त्याचें भाडें साधारणतः मोठ्यांच्या भाड्याच्या एक दशांश असतें. हा नियम वजन विचारीत नाहीं कीं उंची विचारीत नाहीं. आमच्या मतें हा यंत्रशास्त्र्याचा नव्हे, तिकीटबाबूचा नियम आहे. सामानाच्या फळीचा पाळणा जाऊन आतां पुढच्या आडभिंतीस अडकविण्याचा पाळणा आला आहे. त्याला वजनाची मर्यादा असते, ती कंपनीगणिक निराळी, साधारण दहा-बारा किलोंच्या आसपास, आणि लांबी तर त्याहून आधीं अपुरी पडते. सहा महिन्यांच्या मुलास तो स्वर्ग. सोळा महिन्यांचें मूल त्यांतून पाय बाहेर काढून उभें राहतें. पाळण्यास मोठें आणि खुर्चीस लहान, असा हा एक-दोन वर्षांचा त्रिशंकू आकाशांत लोंबकळत राहिला.

त्याची किंमत काय हें १९ जुलै १९८९ रोजीं दिसलें. डेन्व्हरहून शिकागोस निघालेल्या युनायटेड कंपनीच्या डी. सी. १० विमानाचें शेपटांतलें एंजिन फुटलें आणि सुकाणूची सारी यंत्रणा निकामी झाली. वैमानिकांनीं उरलेल्या दोन एंजिनांच्या जोरावर तें सुमारें पाऊण तास कसेंबसें सांभाळीत आयोवा राज्यांतल्या सू सिटी येथें आणलें. आंत २९६ माणसें होतीं, आणि चार मुलें खुर्चीवांचून होतीं. मुख्य सेविका जॅन ब्राउन यांनीं शिकविल्याप्रमाणें त्यांच्या आईबापांस सांगितलें : मुलांना उशा-कांबळ्यांत गुंडाळून पायांशीं जमिनीवर ठेवा व घट्ट धरा. विमान आपटलें, उलटलें, पेटलें. धरलेलीं मुलें हातांत राहिलीं नाहींत. अकरा महिन्यांची एक मुलगी सामानाच्या कप्प्यांत फेंकली गेली. बाहेर पडलेला एक उतारू तिचें रडणें ऐकून धुरांत परत शिरला आणि तिला घेऊन आला. बावीस महिन्यांचा एक मुलगा मात्र सांपडला नाहीं. त्याची आई जळत्या सांगाड्याकडे परत निघाली होती, तेव्हां तिला अडविणाऱ्या बाई जॅन ब्राउनच होत्या. त्या दिवसानंतर मुलांना स्वतंत्र बैठक व पट्टा असावा यासाठीं त्या वर्षानुवर्षें झगडल्या. ११२ माणसें त्या अपघातांत गेलीं. पण विमानांतला कॉफीचा थर्मास जागच्या जागीं बांधून ठेवण्याचा नियम आहे आणि मुलाला बांधण्याचा नाहीं, ही विसंगति अनेकांच्या लक्षांत राहिली ती या एका मुलामुळें.

गणितही अवघड नाहीं. विमानाच्या नव्या खुर्च्या गुरुत्वाच्या सोळापट हिसका सोसतात अशी परीक्षा घेऊन बसवितात. त्या हिसक्यांत दहा किलोंचें मूल एकशेंसाठ किलोंचें होतें. कोणत्या आईचे हात तें धरतील?

तरीही नियम झाला नाहीं, आणि त्याचें कारण केवळ कंपन्यांचा लोभ असें म्हणतां येत नाहीं. अमेरिकेचें अपघात-चौकशी मंडळ आग्रह धरीत राहिलें. विमानखात्यानें मात्र उलट हिशेब मांडला. खुर्ची सक्तीची केली तर अनेक कुटुंबें पैशासाठीं विमान सोडून मोटारीनें जातील, आणि रस्त्यावर विमानाहून कितीतरी अधिक मुलें दगावतील. २००५ सालीं या युक्तिवादावर सक्तीचा विचार सोडण्यांत आला. युरोपांत मुलाचा छोटा पट्टा आईच्या पट्ट्यांत ओंवतात. अमेरिका तोच पट्टा धोक्याचा मानून विमान चढतां-उतरतांना त्यास बंदी करते. तिकडचा तो हिशेब आम्हांस पटतो. पण मुंबईहून न्यूयॉर्कला मोटारीनें जाण्याचा पर्यायच नसल्यामुळें तो आमच्या शेजाऱ्यांच्या उपयोगी नाहीं.

तेव्हां आम्हीं सूनबाईंस जें सांगितलें तें असें. पैसे असतील तर खुर्ची घ्यावी, आणि तींत मोटारींतली मुलांची बैठक बांधावी. विमानासही चालते असें तिच्यावर तांबड्या अक्षरांत छापलेलें हवें, व तिची रुंदी आधीं मोजून घ्यावी. ती खिडकीशीं बसवावी, म्हणजे संकटांत दुसऱ्याची वाट अडत नाहीं. पुढच्या आडभिंतीजवळची जागा पायांस ऐसपैस खरी, पण तेथें पुष्कळदां खुर्चीचे हात उचलले जात नाहींत, चढतां-उतरतांना पिशवी पायांशीं ठेवूं देत नाहींत, आणि झोपलेलें मूल दिवा लागला कीं पाळण्यांतून उचलावेंच लागतें. पंखांजवळ हेलकावे कमी बसतात. मांडीवरच न्यावयाचें झाल्यास खुर्च्यांच्या एका गटांत असें एकच मूल घेतात, कारण प्राणवायूचा जादा मुखवटा तेथें बहुधा एकच असतो. म्हणून मैत्रिणीच्या बाळाशेजारीं जागा मागूं नये.

सूनबाईंनीं खिडकीची खुर्ची घेतली. निम्मे पैसे आजीबाईंनींच दिले. पोंचल्यावर फोन आला तेव्हां आजीबाईंचा पहिला प्रश्न होता, "त्या खुर्चींत किती वेळ बसला?" उत्तर आलें, "चढतांना, उतरतांना, आणि मध्यें पांच तास झोपला, आई. बाकीचा वेळ माझ्या मांडीवरच." बाकीच्या तासांचा तो आंकडा आजीबाईंनीं आम्हांस मुद्दाम घरीं येऊन सांगितला.