पर्यावरणशास्त्रातील एम.एस्सी. पदवी

हवा, पाणी, माती व सजीव यांचे परस्परसंबंध आणि त्यांत माणसामुळे होणारे बदल यांच्या अभ्यासासाठी दिली जाणारी पदव्युत्तर पदवी (पहा : पर्यावरणविज्ञान).

स्टॉकहोम परिषदेनंतर (१९७२) हा विषय भारतीय विद्यापीठांत स्थिरावू लागला. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात १९७४ साली त्याचे स्वतंत्र संकुल उभे राहिले, तर १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने प्रशिक्षित मनुष्यबळाची गरज वाढवली.

प्रवेशाला बहुधा विज्ञान शाखेची पदवी लागते. महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांत २०२३-२४ पासून लागू झालेल्या आराखड्यानुसार चार सत्रांत ८८ श्रेयांक मिळवावे लागतात. मुख्य व ऐच्छिक विषयांखेरीज संशोधनपद्धती, कार्यानुभव किंवा क्षेत्रीय प्रकल्प आणि शेवटच्या दोन सत्रांतला संशोधन प्रकल्प सक्तीचा असतो. पहिल्या वर्षाचे ४४ श्रेयांक घेऊन थांबणाऱ्यास पदव्युत्तर पदविका मिळते. चार वर्षांची ऑनर्स पदवी असल्यास एकच वर्ष पुरते.

खरा कस लागतो तो प्रयोगशाळेत. नदीच्या पाण्याचा नमुना बुडबुडा न राहू देता ३०० मिलिलिटरच्या बाटलीत भरायचा, २७° सेल्सिअसला तीन दिवस अंधारात ठेवायचा आणि आधीच्या व नंतरच्या विरघळलेल्या ऑक्सिजनमधील फरकावरून जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी काढायची (पहा : जलप्रदूषण). जुन्या पद्धतीत हेच २०° सेल्सिअसला पाच दिवस चाले.

पदवीधरांना प्रदूषण नियंत्रण मंडळे, उद्योगांतील पर्यावरण विभाग व सल्लागार संस्थांत काम मिळते (पहा : पर्यावरणीय आघात मूल्यमापन). अध्यापनासाठी मात्र नेट, सेट किंवा पीएच.डी.ची जोड लागते.