सैनिकाचे घर आणि शेजारधर्म

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही इतिहासविषयक लिहून द्यावे, अशी मंडळाच्या चालक भगिनींनी आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी काही इतिहासाची अभ्यासक नव्हे. एका निवृत्त हवालदाराची पत्नी, आणि आमचे हे आता येथल्या औद्योगिक वसाहतीत एका लोखंडाच्या कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्याच्या नोकरीत, एवढीच माझी ओळख. परंतु गेल्या संक्रांतीला आपल्याच हळदीकुंकवात एक लहानसा प्रसंग घडला आणि तो मनातून जाईना. त्याचा उलगडा करावा म्हणून जे वाचले, विचारले, आठवले, ते येथे मांडते.

प्रसंग असा. आपल्या वसाहतीतली एक भगिनी आपल्या लहान मुलीला घेऊन सभागृहाच्या दारापर्यंत आली. तिचे यजमान लष्करात शिपाई होते. नोकरीत असतानाच ते गेले. ती येथे बियाण्यांच्या कारखान्यात निवडीच्या कामावर जाते. दाराशी तिने मुलीचा हात सोडला, तिला आत पाठविले आणि स्वतः आल्या पावली परत फिरली. आपण मुलीला तिळगूळ दिला, वाण दिले, तिचे कौतुकही केले. पण तिच्या आईला "या, बसा" असे आपणांपैकी कोणी म्हटले नाही. त्या वेळी कुंकवाचा करंडा माझ्याच हातात होता. म्हणून दोष प्रथम माझा, हे आधीच सांगून टाकते.

आता इतिहासाकडे वळू. आपले जालना पुष्कळांना व्यापाराचे, बियाण्यांचे, लोखंडाच्या सळयांचे गाव म्हणून ठाऊक आहे. पण एके काळी ते लष्कराचे गाव होते. आपल्या जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात असई नावाचे गाव आहे. तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसले यांच्या फौजा आणि इंग्रजांचा सेनापती वेलस्ली यांची मोठी लढाई झाली. इंग्रजांच्या बाजूचेच दीड हजारांहून अधिक लोक त्या एका दिवशी मेले किंवा घायाळ झाले, आणि त्यांत आपल्याच देशातले शिपाई पुष्कळ होते. सेनापतींची नावे पुस्तकांत आली. त्या शिपायांच्या घरी चूल कशी पेटली, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

पुढे १८२७ साली जालन्यास निजामाच्या हैद्राबाद काँटिंजंटची छावणी बसली. औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई, येथेही याच फौजेची ठाणी होती. आपण ज्या सदर बाजारात भाजी आणि कापडचोपड घ्यावयास जातो, त्याचे नावच त्या काळाची खूण आहे. छावणीच्या बाजाराला सदर बाजार म्हणण्याची तेव्हाची रीतच होती. काँटिंजंटच्या घोडदळात शिलेदारीची पद्धत असे. घोडा सरकारने द्यावयाचा नाही, स्वाराने आपला आणावयाचा. म्हणजे घोडा हेच त्या कुटुंबाचे भांडवल. घोडा पडला की स्वार तर पायउतार होईच, पण घरही कर्जात बुडे. १९०३ साली ही फौज हिंदी लष्करात सामील झाली आणि जालन्याच्या छावणीचे दिवस सरले.

सैनिकाच्या कुटुंबाची काळजी ही सरकारची एक जबाबदारी आहे, ही कल्पना आपल्याकडे खऱ्या अर्थाने पहिल्या महायुद्धाने आणली. त्या युद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या आसपास माणसे समुद्रापार गेली आणि सुमारे चौऱ्याहत्तर हजार परत आली नाहीत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एकाच गावातले ४६ जवान त्या युद्धात कामी आले. गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द आजही लावतात. शिपाई परदेशी असताना पगाराचा काही भाग परस्पर घरी पाठविण्याची सोय होती. कित्येक बायकांनी स्वतःच्या अंगठ्याने घेतलेले पहिले पैसे हेच असतील. अपंग होऊन परतलेल्या जवानांना काही हुन्नर शिकवावा म्हणून १९१७ साली लेडी विलिंग्डन यांनी मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट काढली. ती पुढे पुण्याजवळ खडकीला गेली आणि आजही चालू आहे. युद्ध आटोपल्यावर १९१९ साली इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झाले. नावे बदलत बदलत १९७५ साली त्याचेच केंद्रीय सैनिक बोर्ड झाले. महाराष्ट्रात पुण्यास राज्याचा सैनिक कल्याण विभाग आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये आहेत. अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहेही आहेत.

स्वातंत्र्यानंतर या कामात लोकांचाही वाटा असावा असे ठरले. १९४९ पासून ७ डिसेंबर हा ध्वजदिन पाळला जातो. लाल, गडद निळा आणि फिका निळा असे तीन रंगांचे ते चिमुकले निशाण भूदल, नौदल आणि हवाई दल यांचे. ते छातीला लावून आपण डब्यात जे नाणे टाकतो, त्यामागे तीन हेतू आहेत: लढाईत जायबंदी झालेल्यांचे पुनर्वसन, सेवेत असलेल्या जवानांच्या कुटुंबांचे कल्याण, आणि माजी सैनिकांचे व त्यांच्या घरच्यांचे पुन्हा बस्तान बसविणे. शाळेत असताना मी हे निशाण विकत घेतले, पण हे तीन हेतू मला कळले ते लग्नानंतर, तेही यांच्या तोंडून!

याच सुमारास एका मराठी घरातल्या सुनेने सैनिकांसाठी केलेले काम आपण भगिनींनी अवश्य लक्षात ठेवावे. सावित्रीबाई खानोलकर जन्माने युरोपीय. १९१३ साली त्या स्वित्झर्लंडमध्ये जन्मल्या आणि १९३२ साली विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून आपल्या झाल्या. परमवीर चक्राची आकृती त्यांनी सिद्ध केली. दधीची ऋषींनी आपली हाडे दिली आणि त्यांचे इंद्राचे वज्र झाले, ही कथा त्यांनी त्या पदकात उतरविली. परंतु पदकाइतकेच, सैनिकांच्या कुटुंबांत आणि फाळणीने घरदार सुटलेल्यांत जाऊन त्यांनी सेवा केली, हे मला मोलाचे वाटते. पदक एकाच्याच छातीवर असते. त्यामागचा त्याग घरातल्या सर्वांचा असतो.

१९६२ च्या ऑक्टोबरात चीनचे आक्रमण झाले आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीस गेले. तेव्हा महाराष्ट्रातल्या घराघरांत संरक्षण निधीची आणि जवानांसाठी लोकरीचे स्वेटर विणण्याची लाट उसळली. स्त्रियांनी अंगावरचे सोने उतरवून दिले. माझ्या सासूबाई सांगत की, गावात ज्यांच्याकडे सोने नव्हते त्यांनी ज्वारीच्या पायल्या आणून ओतल्या. पुढे २३ ऑगस्ट १९६६ रोजी लष्करी अधिकाऱ्यांच्या व जवानांच्या पत्नींची आर्मी वाइव्ज वेल्फेअर असोसिएशन, म्हणजे 'आवा', स्थापन झाली. शिवणकाम, हस्तव्यवसाय, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी 'आशा' शाळा, अशी तिची कामे. १९७१ च्या युद्धानंतर १९७२ साली दिल्लीत मोहिनी गिरी यांनी वीरपत्नींसाठी वॉर विडोज असोसिएशन काढली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'आवा'चे काम मुख्यतः छावणीच्या आसपास चालते. आम्ही फॅमिली क्वार्टरमध्ये राहिलो तेव्हाचा माझा अनुभव सांगते. रात्री मुलाला ताप चढला तर पलीकडची पंजाबी बहीण न बोलावता धावून येई. भाषा कळत नसे, पण भय एकच असे. परंतु सर्वच वर्षे क्वार्टर मिळत नाही. नोकरीचा पुष्कळ काळ बायको सासरी किंवा भाड्याच्या खोलीत काढते. आणि धनी गेला की छावणीचा तो शेजार एका दिवसात सुटतो. ती येते ती आपल्यासारख्या वसाहतीत, जेथे कोणाला काही ठाऊक नसते. सरकारचे कार्यालय आहे, लष्कराची संघटना आहे. तिसरी बाजू शेजाऱ्यांची, आणि ती रिकामी राहिली तर पहिल्या दोहोंचा उपयोग निम्मा होतो.

हे मी कशावरून म्हणते, ते सांगते. संक्रांतीनंतर महिनाभर माझे मन मला खात होते. शेवटी मी त्या भगिनीच्या घरी गेले. "पुढच्या वर्षी तुम्ही आत या, मी स्वतः कुंकू लावीन," असे म्हणाले. ती थोडे हसली आणि म्हणाली, "काकू, कुंकवाचं नंतर बघू. आधी माझ्या नावाचं बघा."

तिच्या नावाची गोष्ट आपल्यापैकी कोणाचीही होऊ शकते. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल आहे. माहेरची मंदा सासरी मीनाक्षी होते. तांदळात अंगठीने नाव लिहिताना कोणाच्या मनातही येत नाही की या दोन नावांचा पुढे कागदोपत्री झगडा होणार आहे. पलटणीच्या दफ्तरात एक नाव, आधार कार्डावर दुसरे, बँकेत तिसरेच. धनी जिवंत असताना हे त्याच्या अर्जाने दुरुस्त होते. तो गेल्यावर विधवेला प्रतिज्ञापत्र, दाखले, राजपत्रातील नोंद, असे उंबरे झिजवावे लागतात. तिच्या मुलीच्या शिक्षणाची मदत एवढ्यासाठीच अडून राहिली होती. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी सोडावयाची, हे तिला परवडत नव्हते.

आमच्या यांना या कागदांची वाट ठाऊक होती. ते तिच्याबरोबर गेले. मी दोन दिवस तिची मुलगी सांभाळली. आपल्यातल्या एका शिक्षिका भगिनीने अर्ज सुवाच्य लिहून दिले. दिवाळीच्या आधी काम झाले. यात पैसा फारसा लागला नाही, लागली ती माणसे. मंडळे कशासाठी असतात, हे मला त्या दिवशी कळले.

आता कुंकवाविषयी. हाही इतिहासाचाच भाग आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी म्हणून गाव आहे. घरटी माणूस लष्करात देणारे गाव अशी त्याची ख्याती. त्याच तालुक्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की, पती निधन पावल्यावर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा गावात बंद. १७ मे २०२२ रोजी राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरविण्यास सांगितले. सरकारी नियमही हळूहळू बदलले आहेत. शौर्यपदकाचा भत्ता पदकविजेत्याच्या विधवेने दिराशी लग्न केले तरच चालू राहावा, अशी पूर्वी अट होती. ती २०१७ साली काढून टाकण्यात आली. आणि त्याच वर्षी, काश्मिरात १७ नोव्हेंबर २०१५ रोजी वीरमरण आलेले साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक यांच्या पत्नी स्वाती महाडिक प्रशिक्षण पुरे करून स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. जिला देशाने खांद्यावर तारे दिले, तिच्या कपाळाला कुंकू लावावयास आपण कचरावे काय?

ज्येष्ठ भगिनींपैकी काहींना हे पटणार नाही, याची मला जाणीव आहे. त्यांच्या श्रद्धेचा मला अनादर करावयाचा नाही. माझ्या स्वतःच्या हातातला करंडाही त्या दिवशी थबकलाच होता. परंतु विचार करावा. कुंकू हे सौभाग्याचे लेणे म्हणतो. ज्या घराने आपला माणूस दिला म्हणून आपली घरे सुखाने झोपतात, त्या घराला अभागी म्हणणे शोभेल काय?

म्हणून मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवते. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा डबा आपण घरोघर न्यावा आणि जमलेली रक्कम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पावती घेऊन भरावी. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो आता संगणकावरून होतो आणि वृद्ध वीरमातांना ते जमत नाही. त्या महिन्यात आपल्या मुली-सुनांनी एक दिवस त्यासाठी द्यावा. आणि तिसरी सूचना अशी की, येत्या संक्रांतीचे आमंत्रण प्रत्येक घरी सारखेच जावे. कोण सधवा, कोण विधवा, हे आमंत्रण देणारीने पाहू नये. यावे की न यावे, कुंकू लावून घ्यावे की नुसता तिळगूळ घ्यावा, हे येणारीने ठरवावे.

त्या भगिनीला मी हे वाचून दाखविले. "बरं लिहिलंत," म्हणाली, "पण मला बोलवायला मुलीला पाठवू नका. तुम्ही स्वतः या." तसे मी तिला वचन दिले आहे. आपण सर्वजणी माझ्याबरोबर याल, या आशेवर लेखणी खाली ठेवते.