डेम्लो संख्या १२३४५६७८९८७६५४३२१
दोन्ही बाजूंनी सारखीच वाचली जाणारी सतरा अंकी पूर्ण संख्या. देवळालीचे शिक्षक व गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांनी ज्यांचा अभ्यास केला आणि मुंबईजवळील डोंबिवली रेल्वे स्थानकावरून ज्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिले, त्या संख्यांपैकी ही एक असून, नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा ती वर्ग आहे. तिच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ चा वर्ग, येते. ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांच्या गुणाकाराएवढी ती असल्याने, घातांकांत एकेक मिळवून केलेल्या ५ × ३ × ३ या गुणाकारानुसार तिला ४५ विभाजक आहेत. दहा एकांच्या वर्गात मात्र मधल्या स्थानी १० येऊन हातचा पुढे जात असल्यामुळे ही सममिती भंगते व १२३४५६७९००९८७६५४३२१ ही संख्या मिळते.