लर्निंग लायसन्स मिळालं म्हणजे एकट्याने गाडी चालवता येते का?

नाही. लर्निंग लायसन्स, म्हणजेच शिकाऊ परवाना, हा गाडी शिकण्यासाठी मिळतो. महाराष्ट्रात २०२१ पासून आधार क्रमांकाच्या आधारे घरबसल्या परीक्षा देऊन तो काढता येतो. आरटीओची फेरी वाचली, पण या परवान्यासोबतचे नियम तेच आहेत. ते न पाळता गाडी चालवली, तर हातात परवाना असूनही कायद्याच्या दृष्टीने तुम्ही विनापरवाना ठरू शकता.

कोणाला मिळतो?

कार किंवा गिअरच्या बाईकसाठी वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत. १६ व्या वर्षी पालकांच्या संमतीने परवाना मिळतो, पण तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीसाठी. रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक पेट्रोल स्कूटर ११० ते १२५ सीसीच्या असतात. त्यामुळे कॉलेजला जाणाऱ्या १६-१७ वर्षांच्या मुलांना त्या चालवता येत नाहीत.

कसा काढायचा?

- केंद्र सरकारच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर ‘सारथी’ विभागात जाऊन राज्य निवडा. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, ते आधी तपासा.
- आधारचा पर्याय निवडल्यास ओटीपी येतो, म्हणून मोबाइल नंबर आधारशी जोडलेला हवा. आधार वापरायचं नसेल, तर कागदपत्रं अपलोड करून परीक्षेसाठी आरटीओत जावं लागतं.
- केंद्रीय नियमांनुसार प्रत्येक वाहन प्रकारासाठी १५० रुपये आणि परीक्षेसाठी ५० रुपये शुल्क आहे.
- वय ४० च्या पुढे असेल, तर डॉक्टरांचं प्रमाणपत्रही लागतं.
- परीक्षेत वाहतुकीच्या खुणा आणि नियमांवर १५ प्रश्न असतात. पास होण्यासाठी किमान ९ उत्तरं बरोबर हवीत.

मिळाल्यावर कोणत्या अटी?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या तिसऱ्या नियमात त्या दिल्या आहेत.

- त्या वाहनाचं पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती सोबत हवी, तीही गरज पडल्यास गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेली. मागच्या सीटवरचा मित्र चालत नाही.
- गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात इंग्रजी ‘एल’ अक्षर हवं.
- दुचाकीवर मागे फक्त शिकवणारी व्यक्ती बसू शकते. मैत्रिणीला किंवा भावंडाला डबलसीट नेता येत नाही.

अटी मोडल्या तर?

विनापरवाना वाहन चालवल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात आहे.

त्याहून मोठा फटका विम्याचा असतो. शिकाऊ चालकाने याच तिसऱ्या नियमाचं पालन केलेलं असावं, अशी अट मोटार विमा पॉलिसीत असते. एकट्याने गाडी नेली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी त्यावर बोट ठेवू शकते. मग भरपाईचा भार गाडीच्या मालकावर, म्हणजे बहुतेक वेळा आईवडिलांवर येऊ शकतो.

परवाना नसलेल्या अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली आणि त्याने गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लर्निंग लायसन्सही मिळत नाही.

पक्कं लायसन्स कधी?

लर्निंग लायसन्स मिळाल्यापासून ३० दिवसांनी ड्रायव्हिंग टेस्ट देता येते. लर्निंगची मुदत ६ महिने असते. टेस्टमध्ये नापास झाल्यास पुन्हा संधी ७ दिवसांनंतरच मिळते आणि तीनदा नापास झाल्यास ६० दिवस थांबावं लागतं. त्यामुळे टेस्ट शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. मुदत संपली, तर लर्निंग लायसन्स पुन्हा नव्याने काढावं लागतं.