वाशीहून ठाणे, व्हाया कुर्ला

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली गाडी ठाण्याला पोहोचली, पुढच्या वर्षी कल्याणला. हे मी वर्गात तीसेक वर्षं शिकवलं. मुलांकडून नकाशाही काढून घ्यायचो. पण आपल्याकडचे रूळ केरसुणीच्या काड्यांसारखे आहेत आणि मूठ मुंबईत आहे, हे काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. एका काडीवरून दुसरीवर जायचं तर आधी मुठीकडे जा!

ते कळलं वाशीला राहायला आल्यावर. खाडीपलीकडे नवं शहर वसवा, असं चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली 'मार्ग' मासिकात मांडलं होतं. १९७० ला सिडको स्थापन झाली. घरं झाली, माणसं आली, रेल्वे मात्र वाशीला पोहोचली १९९२ मध्ये. बावीस वर्षं! खर्चाची वाटणी मात्र मला शहाणपणाची वाटते. ६७ टक्के सिडकोचे, ३३ टक्के रेल्वेचे. गाडी आली की जमिनीचा भाव चढणार, मग त्या जमिनीच्याच पैशातून रूळ घाला, असा हिशेब. वाशी स्टेशनच्या डोक्यावर ऑफिसं आहेत ती उगाच नाहीत. (ती जमीन मुळात आगरी-कोळ्यांची. मोबदल्यासाठी १९८४ च्या जासईच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले. तोही हिशेबातच धरायला हवा.)

पण ही नवी काडीही मुंबईच्याच मुठीत. माझी शाळा ठाण्यात. हार्बरने कुर्ला, पूल चढा-उतरा, मग ठाण्याची गाडी. कंटाळा आला की बस. ठाणे-वाशी थेट गाडी सुरू झाली नोव्हेंबर २००४ मध्ये, तेव्हा माझ्या निवृत्तीला चारच वर्षं उरली होती. माझं सोडा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने १९६० च्या दशकातले. त्यांच्या दारात लोकल आली, तोवर कित्येकांना कुलपं लागली होती.

आता बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून धावते आहे, नवी मुंबईतल्या नवी मुंबईत. ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोला केंद्राची मंजुरी मिळाली ऑगस्ट २०२४ मध्ये: २९ किलोमीटर, २२ स्थानकं. पहिल्या गाडीनंतर एकशे एकाहत्तर वर्षांनी! माझी जुनी शाळा त्या वर्तुळाच्या आत पडते की बाहेर, ते नकाशा घेऊन एकदा बघायचं आहे.