ग्वाल्हेर लोकसभा मतदारसंघ आणि मराठी नावे

ग्वाल्हेरच्या निवडणुकांचा विषय निघाला की ‘मराठी मतां’चा उल्लेख ओघाने येतोच. लष्कर भागातील मराठी वस्ती जुनी आहे हे खरे; तथापि केवळ तिच्या बळावर कोणी लोकसभेत जावा, एवढी तिची संख्या कधीच नव्हती. तरीही मराठी नावे येथून वारंवार निवडून आली. याचा उलगडा मतांच्या बेरजेत नव्हे, इतिहासात शोधावा लागतो. (शासकीय सेवकाने राजकारणावर लिहू नये असा संकेत आहे, इतिहासावर लिहिण्यास प्रत्यवाय नसावा.)

१९५२ साली हिंदुमहासभेने देशभरात अवघ्या चार जागा जिंकल्या. त्यांपैकी गुना व ग्वाल्हेर या दोन्ही एकट्या वि. घ. देशपांडे यांनी मिळविल्या होत्या. त्यांनी गुना राखले आणि पोटनिवडणुकीत ग्वाल्हेरने डॉ. ना. भा. खरे यांना पाठविले. १९३७ मध्ये मध्यप्रांताचे काँग्रेसी मंत्रिमंडळ बनविणारे नागपूरचे खरे ते हेच! दोघेही बाहेरचे, पण शिंद्यांच्या मुलखात ते परके ठरले नाहीत.

१९६२ मध्ये विजयाराजे शिंदे काँग्रेसतर्फे, १९७१ मध्ये ग्वाल्हेरचेच सुपुत्र अटलबिहारी वाजपेयी जनसंघातर्फे, तर १९७७ व १९८० मध्ये नारायण कृष्ण शेजवलकर जनता पक्षातर्फे विजयी झाले.

खरी कसोटी १९८४ ची. वाजपेयी येथून उभे राहिले असता माधवराव शिंद्यांनी अगदी अखेरच्या दिवशी गुना सोडून ग्वाल्हेरचा अर्ज भरला. माता भाजपच्या अग्रणी नेत्या, पुत्र काँग्रेसचा उमेदवार! वाजपेयी सुमारे पावणेदोन लाख मतांनी पराभूत झाले. इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसने मध्यप्रदेशातील चाळीसही जागा जिंकल्या, तेव्हा सारे श्रेय राजघराण्याला देणे न्याय्य नाही. घराण्याचे वजन पाहावयाचे तर १९९६ पाहावे. काँग्रेस सोडून स्वतःच्या मध्यप्रदेश विकास काँग्रेसतर्फे उभे राहिलेले माधवराव तरीही निवडून आले. गुन्यातूनही ते पूर्वी जनसंघ, अपक्ष व काँग्रेस अशा तीन नात्यांनी जिंकले होते. मतदाराने पक्ष नव्हे, माणूस पाहिला.

मात्र ही निष्ठा बिनशर्त नव्हती. १९९९ मध्ये माधवराव गुन्यास परतले आणि ग्वाल्हेर भाजपच्या जयभानसिंह पवैया यांच्याकडे गेले.

शेजवलकरांची वाट याहून निराळी. पिता-पुत्र दोघांनीही ग्वाल्हेरचे महापौरपद भूषविले. पुत्र विवेक २०१९ मध्ये खासदार झाले, ते नगरसभेच्या पायऱ्या चढून, राजवाड्याच्या नव्हे.